पंचेचाळीसची पूजा

— नाही रे, हे लांब नाही गेलेले, नळाचा वॉशर आणायला गेलेत, येतीलच एवढ्यात. तू बस. असा सोफ्याच्या काठावर नको बसूस, नीट टेकून बस, तो सोफा मोडका नाहीये, यांचा तो तीनदा उघडून परत जोडून झालाय. चहा ठेवलाय. आणि वहिनी नको म्हणूस, काकू म्हण, माझी मुलगी ज्युनिअर कॉलेजात जाते. तू प्रबोध ना — युनिव्हर्सिटीत ते पोस्टडॉक का काय करतोस तो, गणपतीत आमच्या घरी मोदक खाल्लेस तो, आणि यांच्या नादाने बंदुकीच्या क्लबात नाव घातलंस तो. बघ, मला सगळं माहीत असतं. तू कशाला आलायस तेही माहीत आहे. रविवारी यांनी तुला फोन केला तेव्हा मी शेजारीच फरसबी मोडत बसले होते. आवाज बारीक करून बोलत होते, पण पद्माकर देवस्थळींचा बारीक आवाज म्हणजे जहाजाच्या इंजिनरूममधला बारीक आवाज, खालच्या मजल्यावरच्या चिनी म्हातारीलासुद्धा ऐकू गेला असेल. शनिवारी क्लबाची कमिटी बसणार, तुला साक्षीला बोलावणार, कारण तू यांच्या शेजारच्या लेनमध्ये होतास, आणि तू तिथे सांगायचंस की काडतूस खराब होतं. बरोबर? आणि तुला ते जमत नाहीये. तुझं तोंडच सांगतंय — पत्रिका जुळत नाही म्हणून परत द्यायला आलेल्या माणसासारखं तोंड करून बसलायस.

बरं केलंस आलास ते. नाही म्हण. स्पष्ट नाही म्हणून सांग, मी आहे तुझ्या बाजूने. तुझा कामाचा पास आहे इथे, नोकरी आहे, उद्या खोटं उघडं पडलं तर विमानात बसवतील तुला, आणि कुणासाठी, तर एका स्वस्तातल्या पिस्तुलासाठी. खरं काय घडलं ते सांग आणि त्यांचं लायसन्स जाऊ दे. एकदाची ती जाऊ दे घरातून. — घरातून म्हणजे, घरात ती कधी नव्हतीच, तोच तर विनोद आहे. मी तिला तीच म्हणते. पिस्तूल म्हणायचं असेल तर ते म्हणावं लागतं, पण ज्या गोष्टीला नवरा दर शनिवारी अत्तर — तेल रे, बंदुकीचं तेल, त्याचा वास अत्तरासारखाच घरभर येतो — ते लावायला जातो, तिला मी ते कशी म्हणू? वस्तू यांच्या मालकीची, लायसन्सवर नाव यांचं, आणि राहते क्लबाच्या कुलपात. घरी आणायची नाही, पिशवीत घालायची नाही, बायकोला दाखवायची नाही. आठवड्यातून एकदा जायचं, सही करायची, मग तो माणूस आतून घेऊन येणार, भेटीची वेळ संपली की परत आत. मी म्हटलं, अहो, हे काय लग्न आहे की तुरुंग? तर म्हणाले, सुचित्रा, या देशात बंदूक घेऊन गुन्हा केला तर फाशी आहे, नियम आहेत म्हणून आपण सुरक्षित आहोत. म्हटलं, मी सुरक्षितच आहे, तुमचा नेम मला माहीत आहे.

हसतोस काय? तूच सांग, तुझ्या निशाणाच्या कागदावर जास्तीची भोकं पडत होती की नाही? ती कुणाची होती? — बघ. आणि तू गप्प राहिलास, मोठ्यांचा मान म्हणून. मोठ्यांचा मान ठेवता ठेवताच इथपर्यंत आलायस तू.

तो फोटो बघतोयस ना भिंतीवरचा. तीच. किमयाचा दहावीच्या बक्षिसाचा फोटो आणि शेजारी ही. मी म्हटलं, दोघींना एकाच खिळ्यावर नका लावू, तर दुसरा खिळा ठोकला. हाउसिंग बोर्डाच्या सरकारी फ्लॅटच्या भिंतीत खिळा ठोकायचा म्हणजे ड्रिल आणावं लागतं, ते आणलं, आनंदाने आणलं. आलं-गेलं की दाखवायचं — ही बघा, पंचेचाळीस, म्हणजे पंचेचाळीस बोअरची, क्लासिक, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकन लष्करासाठी केलेलं डिझाईन, त्यानंतर जगात पिस्तूल असं झालंच नाही, बाकीची सगळी प्लास्टिकची. हे सगळं खरं असेल. फक्त ती अमेरिकेत झालेली नाही, एवढं सांगायचं राहून जातं. चीनमध्ये झालीय. नक्कल आहे. यांना विचार, ते नक्कल म्हणत नाहीत, ओरिजिनल डिझाईन म्हणतात. मी एकदा बुकित तिमाहच्या त्या डॉक्टर संजीवच्या बायकोसमोर — स्मिता, ओळखतोस तू, ती सारखं आमच्या कॉन्डोत, आमच्या कॉन्डोत करते ती — तिच्यासमोर बोलून गेले की आमची चायनाची आहे, तर तीन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. संजीवची इटलीची आहे म्हणे, तिला वरती भिंग लावलंय. यांना विचारलं, भिंग असलं तर नेम चांगला बसतो का हो, तर म्हणाले, भिंग लावून नेम धरणं म्हणजे जावयाला चष्मा लावून मुलगी दाखवण्यासारखं आहे. अर्थ मलाही लागला नाही, पण आवाज असा होता की विचारलं नाही पुढे.

तरी एक सांगते, हौस कमी नाही माणसाची. नेम यावा म्हणून सराव काय करतात माहितीये? इस्त्री. हो, कपड्यांची इस्त्री. वजन साधारण तिच्याएवढंच भरतं म्हणे. रोज सकाळी या खिडकीत उभं राहायचं, हात ताठ, हातात इस्त्री, एक डोळा मिटायचा, श्वास धरायचा. समोरच्या ब्लॉकमध्ये बरोबर या उंचीवर एक बाई राहते, बिचारी बांबूवर कपडे वाळत घालायची. तिला काय दिसत असेल — एक टकला इंडियन रोज सकाळी एक डोळा मिटून आपल्यावर इस्त्री रोखून उभा आहे. तिने पडदेच लावून टाकले. एकदा लिफ्टमध्ये भेटली तर मला म्हणाली, युअर हज्बंड ऑलराइट ऑर नॉट? मी काय सांगणार? म्हटलं, ऑलराइट, ऑलराइट, एक्सरसाइज. किमयाने तर बापाच्या तोंडावर सांगितलं, डॅडी, सो एम्बॅरसिंग, प्लीज लाह, यूज द आयर्न फॉर माय युनिफॉर्म. त्यांनी युनिफॉर्मही करून दिला. कडक करून दिला. तेही खरंच.

घे, चहा घे. बिस्किटं खा, ती मऊ पडलीत, पण खा. — आता मला सांग, त्या शनिवारी झालं काय नेमकं? नाही, मला माहीत आहे, पण मला स्मिताच्या फोनवरून माहीत आहे, म्हणजे अर्धं इटलीच्या बाजूने माहीत आहे. यांनी मला एक अक्षर सांगितलेलं नाही. मी म्हणते तसं झालं का, एवढं सांग. दसरा मधल्या वारी होऊन गेला होता, कुलूप उघडतं शनिवारी, म्हणून हे शनिवारी पूजा घेऊन गेले. डब्यातून. खालच्या कप्प्यात हळद-कुंकू, अक्षता, वरच्या कप्प्यात झेंडूची फुलं, लिटल इंडियातून आणलेली. दारावरच्या माणसाने डबा उघडायला लावला तर म्हणाले, लंच. — हो? तूही ऐकलंस? बघ, इथूनच खोटं सुरू झालं. मग लेनमध्ये उभे राहिले, तिला ओट्यावर ठेवली. आणि आता नियम काय आहे तुमचा? की पिस्तूल खाली ठेवायचं तर वरचा तो भाग मागे ओढून अडकवून ठेवायचा, म्हणजे आत काडतूस नाही हे लांबून कुणालाही दिसलं पाहिजे. म्हणजे तोंड वासून ठेवायचं. आणि आपल्याकडे काय — हत्यार पुढ्यात आलं की आधी हळद, मग कुंकू, मग अक्षता. त्यांनी वाहिल्या. वासलेल्या तोंडात वाहिल्या. फुलही ठेवलं असणार वर. — ठेवलं ना? आणि हात जोडले? डोळे मिटून? — अरे देवा. शेजारी सगळे चिनी, कानाला ते मोठे हेडफोन लावलेले, आणि मध्ये आमचे हे डोळे मिटून उभे. तू काय केलंस? — तूही जोडलेस? बरं केलंस. कुणीतरी जोडायला हवेतच बरोबर.

मग पुसली असणार फडक्याने, नीटच पुसली असणार, ते काम त्यांच्याइतकं नीट कुणी करत नाही. मग भरली, उडवली. एक उडाली, दोन उडाल्या, आणि मग अडकली. तोंड अर्धवट मिटून राहिली. आता परत तुमचा नियम — अडकलं की हात वर करायचा, तो रेंज ऑफिसर, मिस्टर टॅन ना, तो येईल आणि बघेल. एवढं सोपं आहे. किमयाला सांगितलं असतं तर तिने केलं असतं. पण तीस वर्षं जो माणूस बिघडलेल्या इंजिनात सगळ्यांच्या आधी हात घालत आला, त्याला सांगायचं की तू हात वर कर आणि दुसऱ्याला बोलाव? नाही केला वर. तळहाताने थापटलं. मिक्सरला थापटतात तसं. आणि ती मिटली आणि त्याच झटक्यात उडाली. — छताला ना? वरच्या लाकडात? स्मिता सांगत होती संजीवच्या कानाजवळून गेली. — नाहीच ना? तो चार लेन पलीकडे होता? मला वाटलंच. चार लेन पलीकडच्या माणसाच्या कानाजवळून गोळी जायला यांना आधी त्याच्यावर नेम धरावा लागला असता, मग ती कुठेही गेली असती, तिकडे नसती गेली.

हसतेय मी, पण त्या दिवशी घरी आले तेव्हा शर्टाची सगळी पाठ भिजलेली होती. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, ऊन होतं. मग मला स्मितानेच सांगितलं की त्या टॅनने सगळ्यांसमोर तिचे सुटे भाग केले आणि चिमट्याने लाल तांदूळ काढून तळहातावर ठेवला आणि विचारलं, अंकल, व्हॉट इज धिस? आणि हे काहीच बोलले नाहीत. खरं का रे? काहीच नाही बोलले? — पन्नास माणसांच्या इंजिनरूमला ओरडून काम सांगणारा माणूस, आणि तांदूळ आहे, देवाचा तांदूळ आहे, एवढं इंग्रजीत सांगता आलं नाही. आणि मग रविवारी तुला फोन — काडतूस खराब होतं. आता तळहातावर तांदूळ ठेवलेला सगळ्यांनी बघितल्यावर काडतूस कसं खराब असेल? खोटं बोलायचं तर जरा चांगलं तरी बोलावं माणसाने. तेही जमत नाही. म्हणून म्हणते, तू नाही म्हण.

— पूजा का केली म्हणजे? हां, ते विचारणारच तू. तुला वाटत असेल, घरात फार देव-देव असेल. काही नाही रे. हे गणपतीला बसतात ते मोदकासाठी. पण खंडेनवमी त्यांची होती. जहाजावर असताना दरवर्षी करायचे, कुठल्याही समुद्रात असोत. मुख्य इंजिनाला कुंकू, जनरेटरला कुंकू, पान्यांची पेटी मांडायची, नारळ फोडायचा. फिलिपिनो पोरं रांगेत उभी राहायची खोबरं घ्यायला, बर्मी पोरं हात जोडायची, नॉर्वेचा कॅप्टन होता तो दरवर्षी खाली उतरून यायचा — मी दोन वेळा होते जहाजावर, मी बघितलंय. त्या दिवशी त्यांना बघायचं. पांढरा बॉयलर सूट, कपाळाला कुंकू, आणि ते एवढं धूड इंजिन जसं काही यांच्या घरचं जनावर. मग किमयासाठी जमिनीवर आले, जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागले, तिथेही करायचे. क्रेनला हार, लेथला हार. यार्डाच्या सेफ्टीवाल्याने एकदा विचारलं, हार कशाला, तर म्हणाले, धिस इज अल्सो मेंटेनन्स. चालायचं तेव्हा, काम होतं तोवर सगळं चालायचं. यंदा मग — यंदा यार्ड कुठे आहे, तेव्हा पूजा तरी —

— नाही, सुट्टी नाही. सुट्टीवर आहेत असं सांगितलं त्यांनी तुला? क्लबात सगळ्यांना? — हं. बरं, आता निघालंच तोंडातून, तर ऐक, आणि ऐकून विसर. मे महिन्यात काढलं. रिट्रेंच केलं. यार्डाला कामच येत नाहीये, इकडे थायलंड बुडालं, तिकडे इंडोनेशिया बुडाली, कोण जहाजं दुरुस्तीला आणतंय. एकटे हेच नाहीत, अर्धा मजला रिकामा केला त्यांनी. कॉन्डो सोडला, इथे आलो. त्याचं काही नाही, इथे बाजार जवळ आहे. पण माणूस घरात राहिला ना. सकाळी उठतो आणि काय मोडलंय ते शोधतो. आणि काही मोडलेलं नसलं तर उघडून बघतो की मोडायला आलंय का. वॉशिंग मशीन उघडलं. मिक्सर उघडला. फ्लश उघडला, बंद केला, परत उघडला. माझं शिवणाचं मशीन उघडून त्याला असं तेल दिलं की महिनाभर प्रत्येक ब्लाउजला डाग. जहाजांच्या एजंटांना फोन करतात — येस सर, चीफ इंजिनियर्स सर्टिफिकेट, येस सर, एनी व्हेसल — मग वय विचारतात, मग हे म्हणतात, आय सी, आय सी, थँक यू. फोन ठेवला की कपाटाची बिजागरी काढायला बसतात. आणि शनिवारी दाढी. कडक शर्ट, दाढी, बूट, आणि क्लब. म्हणून मी काही बोलले नाही तिला कधी. बोलले, बोलले खूप, पण जाऊ नका असं नाही म्हटलं.

आणि खंडेनवमीला काय झालं — मी माझं सगळं मांडलं होतं. विळी मांडली, सुरी मांडली, मशीन मांडलं, किमयाचा कॉम्प्युटर मांडला, तिने कीबोर्डवर कुंकू लावू दिलं नाही म्हणून माउसला लावलं. आणि हे अंघोळ करून आले आणि उभे राहिले. नुसते उभे. टॉवेल खांद्यावर. म्हणाले, मी कशाची करू गं? आता असं विचारल्यावर बायकोने काय म्हणायचं असतं? काहीतरी चांगलं म्हणायचं असतं. माझ्या तोंडातून जे यायचं तेच आलं. म्हटलं, तुमची ती आहे ना बसलेली कुलपात, चायनाची, तिची करा, आता तेवढंच एक हत्यार उरलंय तुमचं. — थट्टेत रे. माझं बोलणं असंच असतं, तेवीस वर्षं ऐकतायत ते. नेहमी काहीतरी उलट बोलतात, मग मी बोलते, मग चहा होतो. त्या दिवशी उलट काही बोललेच नाहीत. हो म्हणाले. म्हणाले, मग मला अक्षता बांधून दे. मी घाईत होते, कॉलेजची वेळ झालेली, तांदूळ घेतले, कुंकवात पाणी जास्त पडलं, तशाच ओल्या पुडीत बांधून दिल्या. शनिवारपर्यंत डब्यातच ओल्या राहिल्या असणार. कोरड्या अक्षतांचं काही नसतं, झटकल्या की पडतात, ओल्या कुठेही चिकटून बसतात, फडक्याने पुसल्या तर उलट आत —

असा काय बघतोस माझ्याकडे? घरात अक्षता कोण करतं? ते करतील? तू कर उद्या लग्न, मग बघ कोण करतं. मी काय पिस्तुलात घाला म्हटलं नव्हतं.

बरं, ऐक. हा आठवडा झाला, आमच्या घरात तिची गोष्ट एकदाही निघालेली नाही. पंचेचाळीस हा शब्दच नाही. इस्त्री कपाटात आहे, तिकडे बघत नाहीत. मी मुद्दाम म्हटलं परवा, अहो, त्या अमेरिकन लष्कराचं काय ते सांगत होतात तुम्ही, तर म्हणाले, काही नाही. मी म्हटलं, चायनाचीच ती, अडकणारच — म्हटलं आता तरी चिडतील — तर म्हणाले, हो. हो म्हणाले, प्रबोध. मला काही करमत नाहीये. ती बडबड होती तेव्हा कान किटायचे, आता या घरात फक्त नळाचा आवाज येतो, आणि त्यालाही वॉशर आणायला गेलेत, आज पॅन्ट-शर्ट घालून गेलेत.

म्हणून मी आपलं नुसतं विचारते. तू शास्त्रज्ञ आहेस, तुला कळतं. काडतूस खराब असतं ना रे कधी कधी? म्हणजे असू शकतं? हजारात एखादं? तांदूळ होता, तो होताच, तो सगळ्यांनी बघितला, पण तांदूळही होता आणि काडतूसही खराब होतं, असं दोन्ही असलं तर? तसं कुणी विचारलं तर तुला अगदी नाहीच म्हणता येईल का? मी खोटं बोल म्हणत नाहीये. मी आत्ताच म्हटलं ना, खरं तेच सांग. पण खरं सांगताना सगळंच सांगावं लागतं असं कुठे आहे. माहीत नाही म्हण. बघितलं नाही म्हण. हात जोडून डोळे मिटले होते तुझे, तूच म्हणालास —

— हो, तेव्हा उघडले होते, कळलं मला. म्हणजे नाही. बरं. तरुण लोक फार सरळ असता बाबा तुम्ही. गणपतीत आलास तेव्हा अकरा मोदक खाल्लेस, मी मोजत नव्हते, स्मिता मोजत होती. तुला इथे पहिल्यांदा खोली मिळत नव्हती तेव्हा यांनीच ना फोन केले दहा ठिकाणी? तेव्हा कुणाला सरळपणा आठवला नाही. क्लबात नवीन मेंबरला ओळख लागते, ती सही कुणाची आहे? त्यांची. आणि आता एक वाक्य, एक वाक्य बोलायचं तर तुमचा पास आडवा येतो. जा तू. कमिटीपुढे जा आणि सांग. सांग की म्हातारा वेडा आहे, बंदुकीला कुंकू लावतो, सांग की बायको — नाही, बस. बस रे. उठू नकोस. मी अशीच आहे, मनावर घेऊ नकोस. बस, चहा अर्धा राहिलाय.

थांब. किल्ली लागली. काही बोलू नकोस आता. सहज आलायस तू, इथूनच जात होतास.

— आलात? बघा कोण आलंय. प्रबोध आलाय, सहज, इथून जात होता. मिळाला वॉशर? — नाही मिळाला? अहो, खाली कोपऱ्यावरच तर — कुठे? — क्लबात? आज गुरुवार, आज क्लबात काय — कुणाला, टॅनला भेटलात? काय सांगितलंत? — सगळं. — सगळं म्हणजे माझं — नाही ना? अक्षता तुम्हीच केल्या म्हणून सांगितलंत. आणि डबा लंच नव्हता तेही. बरं. मग काय म्हणाला तो? हसला? — नाही हसला. चहा पाजला. बरं, मग शनिवारी कमिटी — नाहीये? का नाहीये? — अहो, स्वतःहून? स्वतःहून कसं परत केलंत लायसन्स, हा सांगणार होता ना, हा म्हणत होता की काडतुसाचंही काही सांगता येत नाही, हो ना रे, म्हणत होतास ना — याला बोलावणारच नाहीत? याचं नाव निघालंच नाही? पोराला खोटं बोलायला लावायचं नव्हतं म्हणून — मग फोन कशाला केलात रविवारी? — बरं. बरं, ते कळलं. लाज वाटली. कळलं. आणि ती? ती कुणी घेतली, संजीवने? — पोलिसांकडे. आणि मग पोलीस काय करतात तिचं? — वितळवतात.

बरं झालं. मी कधीपासून म्हणत होते, एकदाची — मी म्हणतच होते. बसा तुम्ही. बूट काढा आधी. नाही, राहू द्या, बसा.

प्रबोध, तू नीघ आता. नाही, त्यांच्याशी आत्ता काही बोलू नकोस, आभार-बिभार नकोत, पाया नको पडूस, नुसता जा. परत ये कधी. दार ओढून घे. मी आले असते दारापर्यंत, पण मला आत्ता काहीएक बोलायला सुचत नाहीये.